डॉ. जयंत नारळीकर : कल्पनेची भरारी आणि पुराव्याची कसोटी

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात पेठ येथे दिलेले व्याख्यान)



संमेलनाच्या चालकांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा दरसालच्या प्रघाताप्रमाणे एखादे संतचरित्र किंवा आपल्या ज्ञातीचा पूर्वेतिहास हा विषय आम्ही घेऊ, अशी त्यांची अपेक्षा होती. आम्ही डॉ. जयंत विष्णू नारळीकर यांचे नाव सुचविताच एका सन्मित्राने निरागसपणे विचारले, "ते आपल्या ज्ञातीचे होते काय?" नव्हते, असे आम्ही उत्तर दिले. मग त्यांच्यावर आपल्या स्मरणिकेची पाने का खर्चावी? ह्या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच आजचे हे भाषण आहे. ते शेवटपर्यंत ऐकून घ्यावे, एवढीच प्रार्थना.

नाशिककरांना हे नाव परके नाही. ९४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डिसेंबर २०२१ मध्ये नाशिक येथे भरले, त्याचे अध्यक्षपद डॉ. नारळीकरांकडे होते. प्रकृतीच्या कारणाने त्यांना प्रत्यक्ष येता आले नाही. तथापि आकाशातील ताऱ्यांचे गणित मांडणारा मनुष्य सारस्वतांच्या मेळाव्याचा अध्यक्ष व्हावा, ही गोष्ट आपल्या जिल्ह्याच्या भूमीवर घडली. पुढे २० मे २०२५ रोजी पुणे येथे त्यांचे देहावसान झाले.

त्यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापूर येथे झाला. वडील विष्णु वासुदेव नारळीकर हे काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक, तर मातोश्री सुमतीबाई संस्कृतज्ञ. बालपण काशीस गेले. त्या घरातील एक गोष्ट आपणांपैकी प्रत्येक पालकाने ध्यानी धरण्याजोगी आहे. त्यांचे मामा मोरेश्वर हुजुरबाजार त्यांच्याकडे राहावयास आले असता घरातील फळ्यावर गणिताचे एखादे कोडे लिहून ठेवीत आणि भाच्याला आव्हान देत. कोडे सुटेपर्यंत ते फळ्यावरून पुसले जात नसे. मुलाला उत्तर सांगून मोकळे होणारे पुष्कळ असतात. त्याच्यापुढे प्रश्न ठेवून धीराने वाट पाहणारे थोडे. १९५७ मध्ये काशीची पदवी घेऊन हा मुलगा केंब्रिजला गेला, १९५९ मध्ये तेथील गणिताच्या परीक्षेत सर्वप्रथम येऊन 'सीनिअर रँग्लर' झाला, आणि फ्रेड हॉइल या ख्यातनाम खगोलशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्याने संशोधन आरंभिले. गुरुत्वाकर्षणासंबंधी गुरुशिष्यांचा सिद्धान्त १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला व सत्तावीस पुरे होण्याच्या आतच, १९६५ मध्ये, भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. परदेशात सर्व काही अनुकूल असताही १९७२ मध्ये ते स्वदेशी परतले, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले, आणि १९८८ मध्ये पुण्यास 'आयुका' ही संस्था त्यांनी उभी केली.

हे झाले शास्त्रज्ञाचे चरित्र. आमचा आजचा विषय त्यांच्या लेखणीचा आहे, कारण त्या लेखणीने दोन कामे एकाच वेळी केली. एका बाजूने तिने मराठी वाचकाला कल्पनेच्या पंखांवर बसवून दूरच्या लोकी नेले. दुसऱ्या बाजूने, जे खोटे असून खऱ्याचा वेष घेऊन हिंडते, त्याचा वेष उतरविला. वरवर पाहता ही दोन कामे परस्परविरोधी वाटतात. जो स्वतः अद्भुत कथा रचतो, त्याने दुसऱ्याच्या अद्भुतावर आक्षेप का घ्यावा? ह्याचा उलगडा पुढे होईल.

त्यांच्या कथालेखनाचा आरंभ मोठा गमतीचा आहे. एका परिसंवादात एक कंटाळवाणे व्याख्यान चालू असता त्यांनी समोरच्या कागदांवर कथा लिहावयास सुरुवात केली. (आमच्या श्रोत्यांपैकी कोणी हेच करीत असल्यास आमची हरकत नाही.) १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा ठेविली होती. आपल्या नावामुळे परीक्षकांचे मत झुकू नये म्हणून त्यांनी स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून 'नारायण विनायक जगताप' असे नाव घेतले. हस्ताक्षरही ओळखू येऊ नये म्हणून कथेची प्रत त्यांच्या पत्नी, गणितज्ञ मंगलाबाई, यांच्याकडून लिहवून घेतली. 'कृष्णविवर' ही ती कथा. तिला पहिले पारितोषिक मिळाले. १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनी ह्या नव्या लेखनाची आवर्जून दखल घेतली. श्रोतेहो, आपल्या नावाच्या वजनाने गुण मिळू नयेत म्हणून आपले नाव झाकणारा हा मनुष्य! पुढे त्यांनी फलज्योतिषाची जी परीक्षा घेतली, तिचे बीज आम्हांस येथेच दिसते.

त्यानंतर 'यक्षांची देणगी', 'प्रेषित', 'वामन परत न आला', 'अंतराळातील भस्मासुर', 'व्हायरस', 'अभयारण्य' अशी पुस्तके एकामागून एक निघाली. 'आकाशाशी जडले नाते' यासारख्या ग्रंथांनी सामान्य वाचकाला खगोलशास्त्राची ओळख करून दिली. लोकांपर्यंत विज्ञान नेल्याबद्दल १९९६ मध्ये युनेस्कोचे कलिंग पारितोषिक, आणि 'चार नगरांतले माझे विश्व' ह्या आत्मचरित्राबद्दल २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना लाभला.

त्यांची 'उजव्या सोंडेचा गणपती' ही कथा घ्या. कागदाची एक लांब पट्टी घेऊन, तिला एकदा अर्धा पीळ देऊन, तिची टोके डिंकाने चिकटवावी. ह्या पट्टीला मोबियसची पट्टी म्हणतात. तिच्यावर बोट फिरवीत गेले तर बोट न उचलता दोन्ही पृष्ठांवरून फिरून मूळ जागी येते, म्हणजे तिला पृष्ठ एकच! अशा पट्टीच्या पातळीत एखादी चपटी आकृती फिरवून आणली तर तिची डावी बाजू उजवी होते. आपल्या अवकाशालाच असा पीळ पडला तर? मग माणसाची डावी-उजवी बाजू बदलेल आणि डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होईल. एवढ्या एका 'तर'वर ती कथा उभी आहे. गोष्ट अद्भुत खरी. परंतु लेखक कोठेही असे म्हणत नाही की, हे घडले आहे, तुम्ही विश्वास ठेवा आणि दक्षिणा ठेवा.

'धूमकेतू' ह्या कथेत तर आपलेच घर दिसते. एक हौशी खगोलप्रेमी गृहस्थ रात्रंदिवस दुर्बिणीला डोळा लावून धूमकेतू शोधून काढतो. त्याची पत्नी मात्र तो अशुभ म्हणून धास्तावते. धूमकेतू पृथ्वीवर आदळणार असे गणित निघते, शास्त्रज्ञ स्फोटाच्या बळाने त्याची वाट बदलतात. आणि दमून भागून गृहस्थ घरी येतो तो येथे अरिष्टनिवारणार्थ यज्ञ झालेला! संकट टळले ते कशाने, ह्याविषयी त्या घरात दोन मते राहतात. लेखकाने त्या पत्नीची कुचेष्टा केलेली नाही. तिची माया खरी आहे, तिचे कारणमीमांसेचे गणित तेवढे चुकले आहे. अंधश्रद्धेविषयी बोलताना हा विवेक आपण सर्वांनी बाळगावा.

आता दुसऱ्या कामाकडे वळू. डॉ. नारळीकरांना प्राचीन भारताचा अभिमान नव्हता असे कोणी समजू नये. परंतु अभिमानासाठी पुरावा वाकविणे त्यांना मान्य नव्हते. इसवी सन १०५४ मध्ये वृषभ राशीत एका ताऱ्याचा प्रचंड स्फोट झाला. चिनी ज्योतिर्विदांनी त्याची नोंद करून ठेविली आहे. आपल्याकडेही तशी नोंद सापडावी म्हणून नारळीकरांनी संस्कृत पंडितांच्या साह्याने जुने ग्रंथ धुंडाळले. निर्विवाद म्हणावी अशी नोंद हाती लागली नाही, आणि लागली नाही असेच त्यांनी जाहीर केले. एखाद्या संदिग्ध श्लोकाची ओढाताण करून टाळ्या मिळविणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी ते केले नाही.

२००१ मध्ये विद्यापीठांतून फलज्योतिष शिकविण्याची योजना विद्यापीठ अनुदान आयोगाने पुढे आणली, तेव्हा तिला विरोध करणाऱ्यांत ते अग्रभागी होते. परंतु नुसत्या विरोधावर ते थांबले नाहीत. २००८ मध्ये पुणे विद्यापीठातील संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर, आणि फलज्योतिषाचे अभ्यासक प्रकाश घाटपांडे यांना बरोबर घेऊन त्यांनी फलज्योतिषाची प्रत्यक्ष परीक्षा घेतली. हुशार म्हणून गणलेल्या शंभर मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या, अशा एकूण दोनशे जन्मपत्रिका तयार केल्या. त्यांवर नावे नव्हती. त्यांतील चाळीस पत्रिका प्रत्येक ज्योतिषाकडे पाठवावयाच्या आणि त्याने एवढेच सांगावयाचे की, ही पत्रिका हुशार मुलाची की मतिमंदाची. एक्कावन्न जणांनी पत्रिका मागविल्या. सत्तावीस जणांनी उत्तरे पाठविली.

येथे थोडे गणित सांगणे अवश्य आहे. उत्तरे दोनच असल्यामुळे, पत्रिका न पाहता नुसते नाणे उडविले तरी चाळिसापैकी वीसच्या आसपास उत्तरे बरोबर यावयाची. म्हणून शास्त्राची कसोटी अशी ठरली की, निदान अठ्ठावीस बरोबर आली पाहिजेत. कारण नाणे उडवून अठ्ठावीसपर्यंत पोचण्याचा योग शंभरात एकदाही येत नाही. निकाल काय लागला? सर्वांत वरच्या ज्योतिषाची चोवीस उत्तरे बरोबर आली. अठ्ठावीसपर्यंत एकही पोचला नाही, आणि सर्वांची सरासरी निम्म्याच्याही खालीच राहिली. सत्तावीस जणांनी नाणी उडविली असती, तरी त्यांतील तिघाचौघांनी चोवीसचा पल्ला गाठला असता! एका संस्थेने सर्व दोनशे पत्रिका तपासल्या. त्यांतील १०२ उत्तरे बरोबर आली. म्हणजे पुन्हा नाणेच. जो ग्रहयोग बुद्धीसारखी ठळक गोष्ट सांगू शकत नाही, तो दोन जिवांचा संसार कसा चालेल, हे सांगू शकेल काय?

आता आम्ही आमच्या घरातील गोष्ट सांगणार आहोत. ती सांगावी की नाही, ह्याचा विचार आम्ही बरेच दिवस केला.

आमच्या धाकट्या भगिनीचा विवाह ठरत आला होता. मुलगा नोकरीत, घराणे ओळखीचे, दोन्हीकडची पसंती झालेली. तोंडे गोड होण्याच्या आदल्या आठवड्यात मुलाकडून पत्रिकेची मागणी आली. पत्रिकेत मंगळ निघाला आणि बोलणे मोडले. पुढे तीन ठिकाणी असेच झाले. चौथ्या वेळी ती म्हणाली, "दादा, आता माझी पत्रिका कोणाला दाखवू नका," आणि आमच्या हातातून तो कागद घेऊन तिने ट्रंकेत ठेवून दिला. तिने विवाह केला नाही. ती शिक्षिका झाली, दोन पिढ्यांना तिने अक्षरे शिकविली. तिला आमची कीव नको आहे; आज हे सांगण्याची अनुज्ञा तिनेच दिली.

परंतु त्या पत्रिकेचा पाया काय होता, ते ऐका. ती जन्मली ती आषाढातल्या झडीच्या रात्री, पाड्यावरच्या घरी. घरात घड्याळ नव्हते. सुईणबाईने सांगितले, "कोंबडा आरवायच्या थोडं आधी." तेवढ्यावरून वडिलांनी पुढे पत्रिका करविताना पहाटेचे चार असा आकडा घातला. पूर्वक्षितिजावरची रास, म्हणजे लग्न, सुमारे दर दोन तासांनी बदलते, आणि लग्न बदलले की मंगळाचे घरही बदलते. कोंबडा तासभर आधी आरवला असता तर आमची भगिनी कदाचित मंगळदोषातून मुक्त झाली असती! त्या कोंबड्याच्या भरवशावर चार घरांनी एका मुलीला नाकारले. आणि आम्ही, शिकलेसवरलेले वडील बंधू, त्या चारही वेळी पत्रिका हातात घेऊन पायऱ्या चढलो व उतरलो, एकदाही तोंडातून शब्द काढला नाही. हा दोष आम्ही ग्रहांवर ढकलू इच्छीत नाही. तो आमचा होता.

आणखी एक हिशेब मांडावा. पत्रिकेतील बारा घरांपैकी पहिले, चौथे, सातवे, आठवे व बारावे यांत मंगळ असला म्हणजे दोष, असा प्रचलित नियम आहे. बारातील पाच घरे! म्हणजे शंभर माणसांत चाळिसाहून अधिक माणसे ह्या दोषाची धनी. ह्या सभामंडपात जितकी माणसे बसली आहेत, त्यांतील पाचांपैकी दोघे मंगळी आहेत, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसून त्यांचे संसार सुखाने चालले आहेत. आमच्या आजोबांच्या विवाहात पत्रिका नव्हती. नागलीचे पीक घरात आले, दोन घरची वडील माणसे ओट्यावर बसली, मुलगा कष्टाळू आहे काय, मुलगी समजूतदार आहे काय, हे विचारले गेले, आणि लग्न झाले. आमच्या घरात पत्रिका शिरली ती नाशिकची नोकरी लागल्यावर. तेव्हा निदान आम्हांस तरी तिला 'वाडवडिलांची रीत' म्हणता येत नाही.

काही वडीलधारी मंडळी म्हणतील, "पत्रिका पाहिल्याने मनाचे समाधान होते, त्यात कोणाचे काय जाते?" त्यांच्या समाधानाबद्दल आम्हांस आदर आहे, परंतु एकाच्या समाधानाची किंमत दुसऱ्याच्या मुलीने द्यावी, हा व्यवहार न्यायाचा नव्हे. दुसरे कोणी म्हणतील, "शास्त्रज्ञ तरी सदा बरोबर असतात काय?" नसतात. खुद्द नारळीकरांनी आयुष्यभर महास्फोटाच्या सिद्धान्ताला विरोध केला. १९६५ मध्ये अवकाशातील सूक्ष्मलहरींचा शोध जाहीर झाल्यावर जगातील बहुतेक शास्त्रज्ञ त्या सिद्धान्ताकडे वळले. नारळीकर वळले नाहीत. १९९३ मध्ये हॉइल आणि बर्बिज यांच्यासह त्यांनी आपल्या मताची सुधारलेली मांडणी केली. तीही बहुसंख्यांना पटली नाही. परंतु आपले मत कोणत्या निरीक्षणाने खरे ठरेल व कोणत्या निरीक्षणाने खोटे ठरेल, हे सांगण्यास ते सदैव तयार असत. आपल्या मताची परीक्षा जो स्वतः मागतो तो शास्त्रज्ञ, मग तो अल्पमतात का असेना. मघाच्या प्रश्नाचा उलगडा हाच. कथा ही आपण कथा आहोत असे सांगून येते, म्हणून ती मनाला मोठे करते. पत्रिकाही एक रचलेली कथाच आहे; ती तसे सांगत नाही, म्हणून ती माणसे मोडते.

तर मग आपण काय करावे? आपल्या ह्याच स्मरणिकेच्या शेवटी वधूवरांची सूची छापली जाते. तिच्या अर्जात रास, नक्षत्र, गण, नाड व मंगळ असे रकाने आहेत. ते रकाने पुढील वर्षापासून काढून टाकावेत, अशी सूचना आम्ही कार्यकारी मंडळापुढे आज जाहीरपणे ठेवीत आहोत. ज्यांना खासगीत पत्रिका पाहावयाची असेल त्यांचा हात कोणी धरीत नाही. परंतु ज्ञातीच्या नावाने आणि ज्ञातीच्या पैशाने ती छापली जाऊ नये.

त्याऐवजी विचारावे असे पुष्कळ आहे. आपण नाड विचारतो, रक्त विचारीत नाही! आपल्या डोंगरपट्ट्यात सिकलसेल ह्या रक्तदोषाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. ज्याच्यात हा दोष केवळ वाहकरूपाने असतो, तो मनुष्य बहुधा धडधाकट असतो व त्याला काही जाणवत नाही. परंतु आई व बाप दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणी मूल आजारी निपजण्याचा संभव चारांत एक असतो. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने ह्या रोगाच्या निर्मूलनाची मोहीम आरंभिली आहे आणि तपासणी रक्ताच्या थेंबाची आहे. विवाहाचे बोलणे पुढे जाण्यापूर्वी दोघांनी ती करून घ्यावी. मात्र एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे : तो निकाल सूचीत छापावयाचा नाही, आणि कोणाही वाहक मुलीला नवी 'मंगळी' ठरवावयाचे नाही. दोन वाहकांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, एवढाच त्याचा अर्थ. जुना रकाना पुसून त्याच जागी नवा कलंक लिहिला, तर आपण नारळीकरांपासून काहीच शिकलो नाही असे होईल.

शेवटची एक गोष्ट मुलांसाठी. स्वाक्षरी मागावयास आलेल्या मुलांना डॉ. नारळीकर सांगत, "मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर लिहीन, त्याखाली माझी सही असेल." असे कितीतरी प्रश्न आले व कितीतरी उत्तरे गेली. आपल्या वसतिगृहाच्या भिंतीवर एक फळा लावण्याचा खर्च आमच्या भगिनीने उचलला आहे. त्यावर दर सोमवारी ती एक कोडे लिहील आणि सुटेपर्यंत पुसणार नाही. उत्तर देताना मुलांनी आपले नाव न लिहिता केवळ क्रमांक लिहावा, अशी तिची अट आहे.

ते आपल्या ज्ञातीचे होते काय, असे आमच्या सन्मित्राने विचारले होते. नव्हते. परंतु आमच्या भगिनीला जे उत्तर आम्ही चारदा द्यावयास हवे होते, ते त्यांनी सत्तावीस ज्योतिषांसमोर आकड्यांनी दिले. त्या ऋणाची अंशतः फेड म्हणून आम्ही येथे उभे राहिलो. वरील सूचनेचा विचार मंडळाने आजच्याच बैठकीत करावा, अशी हात जोडून विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.